पाच जिल्ह्यांचं भारकेंद्र

आराखडेसाहेबांचं खरं आडनाव काय होतं, हे आता त्यांच्या पगारपत्रकाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. तीस वर्षांपूर्वी त्यांनी पाच जिल्ह्यांचा दीर्घकालीन विकास आराखडा तयार केला आणि तेव्हापासून लोक त्यांना त्याच नावाने हाक मारू लागले. सुरुवातीला त्यांना ते आवडलं, मग सवय झाली. पुढे दवाखान्यातल्या बाईंनी चिठ्ठीवरसुद्धा तेच आडनाव लिहिलं, तेव्हा साहेबांनी ते दुरुस्त केलं नाही. उगाच कशाला? माणसाने आयुष्यात एकच काम केलं असेल, तर त्याच्याच नावाने ओळखलं जाण्यात गैर काय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. काम बरं झालेलं असतं, तर ती समजूत पटलीही असती.

निवृत्तीला एकोणीस दिवस राहिले होते आणि टेबलावर अंतिम मूल्यमापन अहवाल पडला होता. पाच प्रकरणांपैकी चार लिहून झाली होती. पाचव्याचं शीर्षक होतं ‘कारणे आणि शिफारशी’, आणि त्याखाली साहेबांनी आतापर्यंत फक्त पान क्रमांक टाकला होता. तो मात्र सुबक अक्षरात होता.

घाई होती ती आराखड्याच्या शेवटच्या कलमामुळे. तीस वर्षं पूर्ण होताना मूळ कार्यालयाने, म्हणजे साहेबांच्याच कार्यालयाने, लेखी हरकत घेतली, तर आराखडा संपणार होता. हरकत घेतली नाही, तर सगळ्या तरतुदी आपोआप आणखी तीस वर्षं चालू राहणार होत्या. हे कलमही साहेबांनीच घातलेलं. चांगल्या गोष्टीला पुन्हा पुन्हा मंजुरी कशाला मागायची, असा त्यांचा तेव्हाचा उदात्त विचार. ती मुदतही निवृत्तीच्या दिवशीच संपत होती; म्हणजे हे एकोणीस दिवस साहेब गप्प बसले, तर आणखी तीस वर्षं कुणाला काही करता येणार नव्हतं. आणि गप्प बसण्यात साहेबांचा हात धरणारं पाच जिल्ह्यांत कुणी नव्हतं.

भिंतीवर पाच जिल्ह्यांचा भलामोठा नकाशा होता. त्याच्या मधोमध एक टाचणी आणि टाचणीभोवती लाल शाईचं वर्तुळ. ते काढलं तेव्हा साहेब अठ्ठावीस वर्षांचे होते आणि त्यांना गणित येत होतं. या दोन गोष्टी एका माणसात जमल्या की तो काय करून ठेवील, याचा नेम नसतो. प्रत्येक गावाची लोकसंख्या, एका गावाहून दुसऱ्या गावाचं अंतर, शेतमाल, गुरंढोरं, शाळेत जाणारी मुलं असं सगळं मांडून त्यांनी सहा महिने आकडेमोड केली आणि पाच जिल्ह्यांचं भारकेंद्र काढलं. म्हणजे पाचही जिल्हे ताटासारखे एका बोटावर तोलायचे झाले, तर बोट जिथे लावावं लागेल तो बिंदू. नवं शहर याच बिंदूवर व्हायचं. सगळे रस्ते इथेच येऊन मिळायचे. गिरण्या, गोदामं, कॉलेजं, सगळं वर्तुळाच्या आत.

सगळं शास्त्रशुद्ध होतं. अडचण एकच, आणि तीही बारीकशी. पाच जिल्ह्यांतली माणसं सरासरीने जिथे राहत होती, तिथे प्रत्यक्षात कुणीच राहत नव्हतं. तिथे नुसता माळ होता. नकाशा बगलेत मारून साहेब पहिल्यांदा त्या जागी पोचले, तेव्हा एक बकरी चरायची थांबून त्यांच्याकडे बघत उभी राहिली. ती कौतुकाने बघतेय असं साहेबांना वाटलं होतं.

तीस वर्षांनी तिथे काय होतं? कार्यालय होतं. कार्यालयासमोर चहाची टपरी होती, कारण कार्यालय होतं. झेरॉक्सचं दुकान होतं, कारण कार्यालय होतं. दिवसातून चार वेळा बस थांबायची, कारण साहेबांनी त्यासाठी अकरा पत्रं लिहिली होती. आणि रस्त्याच्या पलीकडे एका ओळीत सात पत्र्याच्या शेड होत्या. साहेबांच्या शब्दावर आपापलं गाव सोडून आलेल्या सात कुटुंबांच्या. त्यातली पहिली त्यांच्या सख्ख्या ताईची.

वर्तुळातली जमीन भविष्यातल्या शहरासाठी राखीव होती. राखीव जमिनीवर पक्कं बांधकाम करायचं नाही, विजेची मोठी जोडणी घ्यायची नाही, जागा विकायची नाही. शहर आलं की सगळं मोकळं होणार होतं. पण जमीन राखीव म्हणून शहर येईना, आणि शहर यायचंय म्हणून जमीन सुटेना. हा पेच इतका सुंदर बसला होता की दुसऱ्या कुणी घातला असता, तर साहेबांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं असतं.

ताई आणि भावोजी दारं-खिडक्या बनवायचे. आपल्या गावात त्यांचं विटांनी बांधलेलं चांगलं मोठं सुतारकामाचं दुकान होतं, गिऱ्हाईक होतं, हाताखाली चार माणसं होती. भावोजी मितभाषी, बोलायचे ते लाकडाशीच. नवं शहर होणार म्हणजे दारं-खिडक्या लागणार, हे साहेबांनी त्यांना कागदावर रेघा मारून समजावून दिलं होतं. निघायच्या आधी ताईने एकदाच विचारलं होतं, “नक्की ना रे?” आणि साहेब म्हणाले होते, “ताई, आकडे खोटं बोलत नाहीत.” अठ्ठावीस वर्षांचा माणूस असलं काही बोलतो, तेव्हा कुणीतरी त्याच्या एक थोबाडीत द्यायला हवी. ताईने त्याऐवजी सामान बांधायला घेतलं.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी साहेब ताईकडे जेवायला जात. स्वतःचं लग्न त्यांनी आराखडा मंजूर होईपर्यंत लांबवलं होतं. आराखडा मंजूर झाला तोवर मुलीकडच्यांनी दुसरीकडे बघितलं. त्यामुळे रविवारचं जेवण हेच त्यांचं घर. हात धुताना ते न चुकता म्हणत, “आता फार नाही. अजून दोन वर्षं.” भावोजी मान हलवत. पक्कं छत झालं, मोठी वीज आली की रंधा मारायचं मोठं मशीन बसवायचं, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. सहा वर्षांपूर्वी भावोजी गेले. ताई आता एकटीच रंधा मारायची, चौसष्टाव्या वर्षी, हाताने.

मुख्य कार्यालयातून संचालकांचा फोन आला तेव्हा साहेब पान क्रमांकाकडे बघत बसले होते. संचालक वयाने त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान आणि स्वभावाने उत्साही.

“सर, तुमची सरासरी बघितली,” संचालक म्हणाले. “खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. पाचही जिल्हे मिळून दरडोई उत्पन्न जवळजवळ तिप्पट!”

“वाढलंय खरं,” साहेब म्हणाले.

“वाढलंय काय सर, उड्या मारतंय. आता पाचवं प्रकरण उरकून टाका. आराखडा यशस्वी, तरतुदी चालू ठेवाव्यात. दोन ओळी पुरे. मग तुमचा सत्कार. आणि एक आनंदाची बातमी. पलीकडच्या सात जिल्ह्यांसाठी आम्ही तुमचाच नमुना घेतोय. तिथलं भारकेंद्रसुद्धा काढून ठेवलंय.”

“कुठे आलं?”

“तळ्यात आलंय. पण ते बघू काहीतरी.”

फोन ठेवल्यावर साहेबांना हसू आलं, आणि मग आपण आपल्यालाच हसतोय हे लक्षात येऊन ते थांबलं. कारणं लिहायची तर एकदा डोळ्यांनी बघून यावं, असं म्हणून त्यांनी प्रश्नावली पिशवीत घातली आणि बस धरली. खोलीबाहेर पडलं की पाचवं प्रकरण तेवढा वेळ तरी लिहावं लागत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

बावीस किलोमीटरवर एक फाटा होता. आराखड्यात त्याचा उल्लेख एकदाच होता, तळटीपेत: ‘दुर्लक्षणीय’. हा दुर्लक्षणीय फाटा आता बसमधून उतरल्यावर ओलांडायला साहेबांना पाच मिनिटं लागली, इतकी वाहनं होती. गॅरेजं होती, चष्म्यांची तीन दुकानं होती, नर्सिंग कॉलेज होतं, ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याच्या दारात मुलींची रांग होती. आणि पाचही जिल्ह्यांतून येणारे रस्ते खरोखरच एकत्र आले होते. फक्त ते बावीस किलोमीटर चुकले होते. किंवा साहेब चुकले होते. पण रस्त्यांना दोष देणं त्या क्षणी सोपं वाटलं.

फाट्यावर सगळ्यात मोठी इमारत फळं-भाज्यांच्या शीतगृहाची. मालकीणबाई वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, डोक्यावर लोकरीची टोपी, दोन फोन. खाली ट्रकमध्ये पेट्या चढत होत्या, त्यांच्याकडे लक्ष ठेवत त्या साहेबांशी बोलत होत्या.

साहेबांनी प्रश्नावलीतला चौदावा प्रश्न वाचला. “उद्योगासाठी हीच जागा निवडण्याचं कारण काय?”

“निवडली कुठे? आधी त्या वर्तुळातच गेले होते मी. रीतसर अर्ज दिला. उत्तर आलं, जमीन राखीव आहे. गेले विचारायला, कशासाठी राखीव? म्हणे उद्योगांसाठी. म्हटलं, अहो, मग मी काय आहे? उद्योगच आहे ना? तर म्हणे, तुम्ही आत्ताचा उद्योग आहात. जमीन भविष्यातल्या उद्योगांसाठी आहे.” बाई खळखळून हसल्या. “लेखी दिलंय हो! अजून जपून ठेवलंय मी. कुणी पाहुणे आले की दाखवते. दाखवू?”

“नको,” साहेब घाईघाईने म्हणाले. त्या पत्राखाली कुणाची सही आहे, हे त्यांना न बघताही आठवत होतं.

“मग परत निघाले तर बस इथे बंद पडली. दोन तास बसून राहिले. म्हटलं, इथे काय वाईट आहे? कुणी अडवायला नाही, कुणाचा आराखडा नाही. माझं बघून गॅरेजवाला आला, त्याचं बघून बाकीचे. खरं सांगू का, ज्या कुणी ते वर्तुळ काढलं ना, त्याचे पाय धुवून पाणी प्यायला हवं. आम्हाला बाहेर ठेवलं त्याने. आत असतो तर मातीत गेलो असतो.”

साहेबांनी चहाचा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. आपले पाय धुण्याची इतकी कळकळ यापूर्वी कुणी दाखवली नव्हती.

“आता एकच अडचण आहे,” बाई पुढे म्हणाल्या. “लाकडी पेट्या. बारा महिने लागतात, आणि मी आणते शंभर कोसांवरून. त्या वर्तुळात एक सुतारबाई आहेत. काय हात आहे बाईचा! पण मोठं मशीन बसवता येत नाही त्यांना तिथे. दोनदा गेले मी. म्हटलं, इकडे या, जागा देते. तर म्हणाल्या, भाऊ सांगतोय थोडं थांबा म्हणून.” बाईंनी मान हलवली. “असतात एकेकाचे भाऊ. तुमचं नाव काय म्हणालात?”

तीस वर्षांत पहिल्यांदाच साहेबांनी आपलं खरं आडनाव सांगितलं.

परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर बघवेना. कारणं शोधायला म्हणून ते फाट्यावर गेले होते, हे काही खरं नव्हतं. कारणं त्यांना ठाऊक होती. बारा वर्षांपासून ठाऊक होती.

बारा वर्षांपूर्वी मध्यावधी आढावा झाला होता. तेव्हा साहेबांनी, केवळ हौस म्हणून, एका तक्त्यात दोन रकाने केले: वर्तुळाच्या आत आणि वर्तुळाच्या बाहेर. बाहेरचे आकडे चढत गेले होते. आतले आकडे जागच्या जागी होते. बरं, आत जी काही हलकीशी वाढ दिसत होती, ती खोदून काढली तर खाली सापडले कार्यालयाचे पगार, टपरीचा चहा आणि झेरॉक्स. म्हणजे अठरा वर्षं साहेब जो विकास मोजत होते, तो त्यांच्याच मोजण्यामुळे होत होता. साहेब त्या कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी पट्टी घेतली, दोन रकान्यांमधली रेघ पांढऱ्या शाईने पुसली आणि दोन्हींचा मिळून एक रकाना केला. सरासरी फार मायाळू असते. ती सगळ्यांना पोटाशी धरते आणि कुणाचंच नाव सांगत नाही.

दुसऱ्या कुणी हे लाच खाऊन केलं असतं, तर निदान त्याच्या पदरात काही पडलं असतं. साहेबांनी फुकटात केलं. ताईला येत्या रविवारी सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. त्या रविवारी नेमका भावोजींनी मशीनचं चित्र असलेला कागद काढून दाखवला आणि साहेबांनी उलट मशीनची किंमत विचारली. मग पुढच्या रविवारी सांगू. मग त्याच्या पुढच्या. आकडेमोडीची खोड असल्यामुळे बसमध्ये त्यांच्या डोक्यात गुणाकार आपोआप झाला: सहाशे चोवीस रविवार.

शनिवारी सकाळी कार्यालयात कुणी नव्हतं. साहेबांनी पाचवं प्रकरण लिहायला घेतलं. पहिल्यांदा उतरलं ते असं: ‘वर्तुळाची आखणी काही अंशी सदोष असल्याचे निदर्शनास येते.’ त्यांनी ते वाचून बघितलं. कुणी आखली, कुणाच्या निदर्शनास आलं, काही पत्ता नाही. जणू वर्तुळ आपणच येऊन माळावर बसलं होतं. त्यांनी ते खोडलं. पुढचा मसुदा याहून वाईट निघाला, कारण त्यात ‘बदलती परिस्थिती’ आली. दुपार होईतो आठ पानं टोपलीत गेली. शेवटी कागदावर उरलं ते एवढंच: ‘वर्तुळ मी आखले. ते चुकले. आराखडा पुढे चालू ठेवण्यास या कार्यालयाची हरकत आहे. राखीव जागा ताबडतोब मोकळ्या कराव्यात.’ खाली सही आणि शिक्का.

चारच वाक्यं. एवढं थोडक्यात साहेबांनी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. आणि काय सांगावं, त्यांची छाती फुगली. सत्कार गेला, संचालक तोंड फिरवणार, पण आपण खरं बोललो! रविवारी रस्ता ओलांडताना तर ताई काय म्हणेल याची त्यांनी मनात तालीमच केली. कबूल करायला मोठं मन लागतं रे, असं काहीतरी ती म्हणेल. डोळे पुसेल. आपण म्हणू, त्यात काय एवढं. चूक कबूल करतानासुद्धा कौतुकाची वाट बघणारा माणूस जगात एकटाच नसेल, पण त्या दुपारी त्या रस्त्यावर तरी एकटाच होता.

शेडमध्ये लाकडाचा भुसा घोट्यापर्यंत साचला होता. पत्रा तापला होता आणि मधूनच कडकन वाजत होता. ताई एका खिडकीच्या चौकटीला रंधा मारत होती. कानावर पेन्सिल, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला.

“आज लवकर?” ती म्हणाली. “जेवण व्हायचंय अजून.”

“जेवायचं राहू दे. आधी हे ऐक.” साहेबांनी कागद काढला आणि वाचून दाखवला. चारही वाक्यं. सही आणि शिक्कासुद्धा.

ताईने रंधा खाली ठेवला. “म्हणजे जागा सुटली?”

“सुटणार. उद्या कागद जातोय. माझी हरकत गेली की कुणाला काही करता येत नाही. तीन महिने फार तर.”

ती फळीवर बसली. तिने मान वर करून पत्र्याकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे, मग दाराकडे. साहेबांना कळलं, ती डोळ्यांनी माप घेत होती. “मशीन त्या भिंतीला लागेल,” ती म्हणाली. “लांब फळी आत येताना दाराला अडायची नाही.” तिचा चेहरा असा मोकळा झालेला साहेबांनी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. मग तिने सहजच विचारलं, “तुला कधी कळलं रे हे?”

कागदावर तारीख नव्हती. ‘परवा, फाट्यावर गेलो तेव्हा’ असं साहेब म्हणाले असते, तर सगळं तिथेच निभावलं असतं. ताई उठली असती, ताटं घेतली असती, दुपार सुखाची गेली असती. आणि ‘परवा’ हा शब्द साहेबांच्या ओठांवर आलाही होता.

“बारा वर्षं झाली,” ते म्हणाले.

ताई म्हणाली, “बारा. म्हणजे तेव्हा हे होते.”

“होते.”

“पुढे सहा वर्षं होते.”

“हो.”

“आणि तू दर रविवारी येत होतास. इथे बसून जेवत होतास. दोन वर्षं, दोन वर्षं म्हणत होतास.”

“ताई, मी सांगणारच होतो, पण—”

“गप्प बस.”

पत्रा कडकन वाजला. ताई मांडीवरचा भुसा झटकत होती. झटकून झाला तरी झटकत होती.

“चूक झालीय हे आम्हाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच कळलं होतं,” ती म्हणाली. “डोक्यावर पत्रा तापतो तो मला कळायला तुझा तक्ता लागतो का? हे म्हणायचे, चल, फाट्यावर जाऊ. कितीदा म्हणाले. मी जाऊ दिलं नाही. म्हटलं, आपण उठून गेलो तर लोक म्हणतील, सख्ख्या बहिणीचाच विश्वास नाही. तो उघडा पडेल. त्याने आयुष्य घातलंय यात, बिचाऱ्याला ठाऊक नाही काही. त्याचं मन मोडेल.” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली खाली गेला. “मग हेही म्हणायला लागले, राहू दे. तू दोन वर्षं म्हणालास की हे मान हलवायचे ना? ते तुला बरं वाटावं म्हणून. मशीनचा कागद काढून दाखवायचे, तेही तेवढ्यासाठीच. आम्ही दोघं तुला सांभाळत होतो रे.”

साहेबांना उभं राहवेना, पण बसायचीही छाती होईना. आत्तापर्यंत त्यांनी स्वतःला पुष्कळ काही म्हणून घेतलं होतं: गाढव, भित्रा, पान क्रमांक टाकणारा. स्वतःला नावं ठेवण्यात एक ऊब असते, आणि गेली बारा वर्षं ते त्या उबेत बसून होते. आता मात्र एकही नाव पुरेना. ज्यांना आपण झुलवतोय असं वाटत होतं, त्यांनी आपल्यासाठी आयुष्य इथे काढलं, आणि त्याला कारण एवढंच, की त्यांना आपण प्रामाणिक वाटत होतो. साहेबांना रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही, आणि ताईने त्यांना गप्पही केलं नाही.

थोड्या वेळाने तिने कानावरची पेन्सिल काढून पुढे केली. “लिही.”

“काय?”

“बारा वर्षं. तेही लिही त्यात.”

साहेबांनी कागद चौकटीवर ठेवला आणि लिहायला सुरुवात केली, ‘सदर बाब या कार्यालयास मध्यावधी आढाव्यापासून...’

“कार्यालयाला नव्हतं ठाऊक,” ताई म्हणाली. “मला वाचता येईल असं लिही.”

त्यांनी ते खोडलं. खाली लिहिलं: ‘हे मला बारा वर्षांपासून ठाऊक होते. मी लपवले.’

ताईने चष्मा वर करून ते वाचलं. एकदा, मग पुन्हा एकदा. कागद घडी घालून त्यांच्या हातात दिला. “आता बाकीच्या सहा घरी जाऊन वाचून दाखव. टपालात टाकायच्या आधी. मी एकटीच थांबले नव्हते तुझ्यासाठी. मी थांबले म्हणून ते थांबले.”

“तू येतेस बरोबर?”

“नाही.”

साहेब दारापर्यंत गेले आणि वळले. “ताई, पुढच्या रविवारी येऊ?”

तिने रंधा हातात घेतला होता. त्याच्या पात्यावरून ती बोट फिरवत होती. “रविवारचं रविवारी बघू,” ती म्हणाली.

दुसरी शेड गाद्या शिवणाऱ्याची होती. साहेबांना दारात बघून त्याने तोंडातली सुई काढली, लगबगीने एकुलती एक खुर्ची फडक्याने पुसली आणि पुढे सरकवली. आत बायकोला चहा ठेवायला सांगितला. “बसा ना साहेब,” तो म्हणाला. साहेबांनी कागद उघडला आणि उभ्याउभ्याच, खालून, शेवटच्या दोन ओळींपासून वाचायला सुरुवात केली.